वेळ कुणाची?

पांढरपेशा समाजात काही वाक्ये अशी असतात, की ती कुणी तपासून पाहत नाही. ‘या लोकांना वेळेची किंमत नसते’ हे त्यांतले एक. ‘या लोकांना’ म्हणजे कोणाला, हे बोलणारा सांगत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते विचारावे लागत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलांविषयी हे वाक्य मी ऐकले आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी ऐकले आहे आणि जयंतीची मिरवणूक किती वाजेपर्यंत चालते यावरूनही ऐकले आहे. पहिल्या तासाला उशिरा येणारा मुलगा शाहूवाडीकडच्या कुठल्या वाडीतून येतो, त्या वाडीपासून एस.टी.चा थांबा किती लांब आहे, पहाटे घरातले पाणी कोण भरते, हा तपशील त्या वाक्यात बसत नाही.

हे वाक्य केवळ आपल्याच देशातले आहे असेही नाही. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर ‘त्रिनिदाद टाइम’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. ठरल्या वेळेनंतर केव्हा तरी पोचणे, असा त्याचा अर्थ. तिथले लोक तो स्वतःविषयी हसत वापरतात, बाहेरचे लोक तो त्यांच्याविषयी नाक मुरडून वापरतात. आपल्याकडेही ‘इंडियन टाइम’ म्हणतातच. पण वक्तशीरपणा हा माणसाच्या रक्तात किंवा हवामानात असतो हे मानण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. ज्याला वेळेवर यायला सांगितले जाते, त्याची वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीची कधी होती काय?

आपल्यापुरते बोलायचे तर याचे उत्तर पेशव्यांच्या पुण्यापासून शोधावे लागते. महार-मांगांनी सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीच्या आत येऊ नये असा निर्बंध होता, कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती सवर्णावर पडली तर विटाळ होतो, असे डॉ. गो. स. घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात नोंदले आहे. हा निर्बंध आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितला जातो. मी त्याकडे थोडे निराळ्या बाजूने पाहतो. नऊ आणि तीन हे आकडे इंग्रजी घड्याळाचे. त्या काळची मोजणी घटका-प्रहरांची होती. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची, साडेसात घटकांचा एक प्रहर, म्हणजे तीन तास. तेव्हा सूर्योदयानंतरचा पहिला प्रहर आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा प्रहर या माणसांना बंद, असा या निर्बंधाचा मूळ अर्थ असावा असा माझा तर्क आहे. मार्च महिन्यात दिवसरात्र सारखे असतात तेव्हाचा हिशेब करून पाहिला. पुण्याच्या अक्षांशावर सूर्याच्या तिसऱ्या प्रहराच्या अखेरीस सावली जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी असते. त्यानंतर दोन तासांनी ती उंचीच्या चौपट होते. म्हणजे माणूस आपल्या उंचीपेक्षा लांब होऊ लागला, की त्याने शहराबाहेर व्हायचे! आपल्या देहाचेच शंकुयंत्र करून आपल्या पूर्वजांना वेळ पाळायला लावली होती. इतका कडक वक्तशीरपणा ज्यांनी पाळला, त्यांच्या नातवंडांना वेळेचे भान नाही असे म्हणणाऱ्याने इतिहासाची कोणती पाने वाचली आहेत?

गावगाड्यात हीच गोष्ट निराळ्या रीतीने दिसते. बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत जोशी आहे आणि महारही आहे. दोघेही गावचे वतनदार. जोशाचे वतन काळाचे. तिथी कोणती, पेरणी केव्हा धरावी, लग्नाची घटका कोणती, हे सांगण्याचा हक्क त्याचा आणि त्याबद्दलची दक्षिणाही त्याची. घटिकापात्र पाण्यात बुडेपर्यंत सारा मांडव थांबणार. महाराच्या वतनात मात्र घटका नव्हती, फक्त हाक होती. सरकारी टपाल पोचवणे, वसुलीची रक्कम तालुक्याला नेणे, येणाऱ्या अंमलदाराला वाट दाखवणे, दवंडी, वेशीची राखण, मयताची बातमी परगावच्या पाव्हण्यांना सांगायला जाणे. यांपैकी एकाही कामाला ठरलेली वेळ नाही. मयत काही वेळ पाहून होत नाही आणि अंमलदारही वेळ कळवून येत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि जोशा-भटावाचून लग्ने लावायला सुरुवात केली. त्यात पैशाचा प्रश्न होता, प्रतिष्ठेचा होता, हे आपण नेहमी सांगतो. त्यात काळावरच्या मक्तेदारीचाही प्रश्न होता, हे मात्र आपल्या लेखनात फारसे आलेले नाही.

१८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. त्या वेळी त्यांनी जी तक्रार केली तिचा गाभा वेळेचा आहे. महाराला दिवसा-रात्री केव्हाही चाकरीवर बोलावता येते. तो घरी नसला तर त्याच्या बापाला, भावाला, घरातल्या कुणालाही धरून नेता येते. कामाचे तास नाहीत, कामाची यादी नाही, कोणाचे काम हेही ठरलेले नाही. पगारी नोकर आपले तास विकतो. वतनदार महाराने काहीच विकलेले नव्हते, तरी त्याचे संपूर्ण आयुष्य, आणि त्याच्या घरातल्या प्रत्येकाचे आयुष्य, गावाने आधीच घेऊन ठेवलेले होते. बाबासाहेबांचा भर महारांनी वतन सोडावे यावर का होता, हे त्या तुटपुंज्या जमिनीच्या हिशेबावरून पुरते कळत नाही. वेळेच्या हिशेबावरून कळते.

आमचे मूळ गाव वारणेच्या पलीकडे वाळवा तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखात, सातारा जिल्ह्यात. आजीचे माहेर वारणेच्या अलीकडे, कोल्हापूर संस्थानात. आजी म्हणायची, “नदी उतरून सासरी आले आणि हाकेची झाले.” लहानपणी मला हे वाक्य कळत नव्हते. पुढे इतिहास शिकलो तेव्हा कळले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने खालसा केली आणि त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा करून दिल्या. वारणेपलीकडे इंग्रजांचा कायदा होता. तिथे १९५८ सालचा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा होऊन तो १९५९ मध्ये अमलात येईपर्यंत ही चाकरी कायद्याने शिल्लक होती. एकाच नदीच्या दोन काठांवर चाळीस वर्षांचे अंतर! भूगोलाच्या पुस्तकात रेखांशावरून वेळ बदलते असे शिकवतात. आमच्या घरात ती वारणेवरून बदलत होती. आता हुकूम एका दिवसात निघतो, गावाची सवय तेवढ्यात निघत नाही, आणि अलीकडच्या काठावरही १९१८ नंतर हाका बंद झाल्या असे समजण्याचे कारण नाही. तरीही हाकेला ‘येत नाही’ म्हणण्याला राजाचा हुकूम पाठीशी असणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच १९१८ साली महाराजांनी आणखी एक गोष्ट बंद केली. ती वतनाइतकी बोलली जात नाही. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींना पाटलाकडे रोज हजेरी द्यावी लागे. माणूस चोर आहे म्हणून नव्हे, तर त्या जातीत जन्मला म्हणून. परगावी जायचे तर सांगून जायचे, मुक्कामाला राहायचे तर विचारून राहायचे. इंग्रजी मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच हजेरी अनेक जमातींच्या पाठी लावली, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ‘हजेरी’ हा शब्द मी रोज वर्गात वापरतो. मुले ‘उपस्थित’ म्हणतात. पारधी किंवा बेरड घरातला एखादा मुलगा त्यांत असतो, तेव्हा त्या शब्दाचा मागचा अर्थ माझ्या मनात येतो.

आता घड्याळाकडे येतो. मुंबईत १८८१ पासून जो घड्याळाचा तंटा चालला, त्याची हकिगत मोठी रंजक म्हणून सांगितली जाते. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत असे आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ अखेर मद्रासची वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांवर लादली. शहराने ती मानली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरचे घड्याळ कोणती वेळ दाखवणार, यावरही वाद झाला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे. मुंबई महानगरपालिकेने आपली जुनी वेळ सोडली नाही, ती थेट १९५० पर्यंत. अनेक वर्षे या शहरात दोन वेळा नांदत होत्या, आणि कोणती वेळ सांगता हे विचारूनच भेट ठरवावी लागे.

हा तंटा शहरातल्या पुढाऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा, वर्तमानपत्रांचा म्हणून इतिहासात नोंदला गेला. कर्झनशाहीच्या विरोधातला स्वाभिमान म्हणून त्याचे कौतुकही होते. पण जानेवारी १९०६ च्या पहिल्याच आठवड्यात या नव्या वेळेविरुद्ध काम बंद करून दगड हाती घेतले ते गिरणी कामगारांनी. त्यांना ग्रिनिचशी कर्तव्य नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. तोपर्यंत गिरणीचा दिवस सूर्याला बांधलेला होता. उजेड संपला की साचा थांबे. विजेने ती मर्यादा मोडली आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. अशा वेळी मालक म्हणतो की उद्यापासून काटा एकोणचाळीस मिनिटे पुढे! जानेवारीत मुंबईत जुन्या वेळेने सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो, नव्या वेळेने सव्वासातला. नव्या घड्याळाच्या सहाला साच्यावर उभे राहायचे म्हणजे जुन्या घड्याळाच्या पाच एकविसाला, अंधारात. संध्याकाळी सुट्टी मात्र कोणत्या घड्याळाने मिळणार, याची खात्री कोण देणार? कामगाराला हे समजायला खगोलशास्त्र लागत नव्हते.

या संतापाला मागची परंपराही होती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांची मागणीपत्रिका सादर केली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि वेळेवर पगार, या मागण्या होत्या. यात ‘साडेसहा ते सूर्यास्त’ हा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. सकाळ घड्याळाची मागितली, संध्याकाळ सूर्याची. मालकाने पहाटेपासून राबवू नये म्हणून घड्याळ हवे आणि रात्री राबवू नये म्हणून सूर्य हवा! आणि वेळेवर पगाराची मागणी पाहा. कामगाराने पाच मिनिटे उशीर केला तर दंड, मालकाने पगाराला महिना-महिना उशीर केला तर त्याला काहीच नाव नव्हते. १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या किती माणसांना ही सुट्टी एका सत्यशोधकाने मिळवली हे ठाऊक असते?

कामगार म्हटला की सगळे एक, असे मात्र समजू नये. एकाच भोंग्याने आत जाणारी माणसे आत गेल्यावर निरनिराळी होत. कापडखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत, आणि मजुरी त्याच खात्यात जास्त होती. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी लावून धरला. तास सारखे, त्या तासांचे मोल वेगळे.

आणि तरीसुद्धा आपल्या माणसांनी गिरणीचे घड्याळ गावच्या हाकेपेक्षा पसंत केले, हे विसरता येत नाही. भोंगा क्रूर होता. पण तो दोनदा वाजत होता. गावात हाकेला शेवट नव्हता, गिरणीत पाळी सुटत होती. सुटल्यानंतरचे दोन तास चाळीत बसून वर्तमानपत्र वाचून घेण्याचे, सभेला जाण्याचे, जलशाचे, रात्रशाळेचे होते. चळवळ या दोन तासांत उभी राहिली असे मी म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण या दोन तासांवाचून ती उभी राहिली नसती, हे मी ठामपणे म्हणेन. १९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडून आठवड्याचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आणले. १९२८ ची वतनाविरुद्धची लढाई आणि १९४६ ची ही दुरुस्ती आपण दोन निराळ्या प्रकरणांत शिकवतो. मला त्या एकाच मागणीच्या दोन पायऱ्या वाटतात.

कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. आपल्या शहराचा सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सुमारे तेहेतीस मिनिटे मागे आहे. रेखांशाच्या दर अंशाला चार मिनिटे, असा साधा हिशेब आहे. १९०६ सालच्या जानेवारीत प्रमाणवेळ आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शाहू मिलची पायाभरणी झाली. पुढे कित्येक पिढ्या या शहराची वेळ मिलच्या भोंग्याने ठरली आणि २००३ मध्ये मिल बंद पडली. भोंगा गेला तेव्हा राजारामपुरी-शाहूपुरीतल्या जुन्या लोकांना चुकल्यासारखे झाले, याच्या आठवणी शहरात भरपूर निघतात. भोंग्यावर कोण आत जात होते, याच्या आठवणी कमी निघतात.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आहे. हे स्टेशन आपल्याच पुणे-मिरज मार्गावरचे. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले संध्याकाळी तिथे उतरली. पत्र न पोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने विचारपूस केली, आणि जात कळताच तो मागे सरला. गाडीवाले यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. या प्रसंगातला अपमान आपण सांगतो. मी विद्यार्थ्यांना त्यातले ताटकळणे दाखवतो. पुस्तकाच्या नावातही तेच आहे. विहिरीवर कोणी पाणी वाढायला येईपर्यंत थांबणे, देवळाबाहेर थांबणे, तलाठ्याच्या दारात थांबणे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या इतके थांबवले, त्यांच्या थांबण्याचे तास कोणी मोजले नाहीत. त्यांनी इतरांना पंधरा मिनिटे थांबवले की मात्र घड्याळ बाहेर निघते!

त्रिनिदादचा उल्लेख मी वर केला तो याच कारणाने. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकी गुलामांचा दिवस घंटेने किंवा शंखाच्या आवाजाने सुरू होई. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी गेली, पण लगेच सुटका झाली नाही. काही वर्षे ‘उमेदवार’ म्हणून जुन्याच मालकाकडे काम करायचे होते आणि शेतमजुराकडून आठवड्याला जास्तीत जास्त पंचेचाळीस तास घेता येत होते. म्हणजे स्वातंत्र्याची पहिली खूण ही की तास मोजले जाऊ लागले. त्यांची सुटका झाल्यावर मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाज कलकत्त्याहून निघालेले पहिले गिरमिटिये घेऊन त्रिनिदादला लागले. पुढच्या सत्तर-बहात्तर वर्षांत जे गेले त्यांत चांभारांसारख्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. गिरमिटियाने कामावर गैरहजर राहणे हा नुसता उशीर नव्हता, फौजदारी गुन्हा होता. दंड होई, तुरुंग होई. पासावाचून मळ्याबाहेर सापडला तरी शिक्षा. आपली हजेरी आणि त्यांचा पास यांत मला फरक दिसत नाही.

अशा दोन्ही समाजांचे वंशज आज कुठल्या समारंभाला तासभर उशिरा येत असतील आणि त्यावर स्वतःच हसत असतील, तर त्याला निव्वळ आळस म्हणणे मला जड जाते. आपल्या वेळेवर दुसऱ्याचा हक्क नाही, हे अनुभवण्याचीही ती एक रीत असू शकते. याचा अर्थ आपण सभा तासभर उशिरा सुरू कराव्यात असा कोणी काढू नये. सहाची सभा आठला सुरू होते, तेव्हा पाहुणे चहा घेत असतात आणि सहालाच येऊन बसलेल्या बाया चुलीवरचे काम टाकून आलेल्या असतात. तिथे पुढारी जोशी होतो आणि श्रोते हाकेचे होतात. आपल्या संघटनांनी याचा विचार केलेला नाही, आणि मला त्याचा राग आहे.

हजेरी संपली असे मात्र मानण्याचे कारण नाही. नागपूर आणि चंदीगडसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत पालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जी.पी.एस. लावलेली घड्याळे बांधली. माणूस किती वाजता आला, कुठे उभा राहिला, हद्दीबाहेर गेला का, हे कचेरीत बसून दिसते. सफाई खात्यात कोणत्या जातींची माणसे आहेत हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आयुक्ताच्या मनगटावर तसले घड्याळ नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून आलेल्या, बहुतेक वंजारी, दलित, भटक्या जमातींच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजणीच हत्यारावर. दिवसभर तोडून मोळ्या बांधायच्या आणि मग ट्रॅक्टरची वाट पाहायची. तो संध्याकाळी आला तर संध्याकाळी भरायचे, रात्री दोनला आला तर रात्री दोनला, थंडीत, पोर पाठीशी बांधून. मुकादम खोपीच्या दारात येऊन हाक मारतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी किती वाजता आली, त्याची चिठ्ठी निघते. खोपीवर हाक किती वाजता आली, त्याची निघत नाही.